दुसरा खटला चालतो, पण कधी?



मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. हल्लेखोर खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरीबद्दलची सात वर्षांची शिक्षा भोगून केव्हाच सुटला होता. आता त्याच्यावर खुनाचा खटला का नाही, असे विचारणाऱ्याला आजही ‘एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही’ असे सुनावले जाते. हे उत्तर कायद्याला धरून नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) चे संरक्षण ‘त्याच’ अपराधापुरते आहे. जखमी माणूस जिवंत असेपर्यंत खुनाचा खटला उभाच राहू शकत नाही, मग तो आधीच चालला असे कसे म्हणणार? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३००(३) खाली तर उदाहरणच दिले होते: जबर दुखापतीबद्दल आरोपी दोषी ठरला, नंतर जखमी दगावला, तर सदोष मनुष्यवधाचा खटला चालवता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ३३७ मध्ये आहे.

खरी अडचण पुराव्याची. शानबाग गेल्या न्यूमोनियाने, हल्ल्यानंतर ४१ वर्षांनी. फिलाडेल्फियात १९६६ मध्ये गोळी लागून अपंग झालेला पोलिस २००७ मध्ये वारला, तेव्हा शिक्षा भोगून झालेल्या आरोपीवर खुनाचा खटला भरला गेला. मधल्या काळातल्या मोटार अपघातांवर बचाव पक्षाने बोट ठेवले आणि २०१० मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. मुंबईतला खटलाही बहुधा याच वाटेने गेला असता. शानबाग यांच्यावरील लैंगिक अत्याचाराचे कलम मूळ खटल्यात लावलेच नव्हते, याची चीड मलाही आहे. पण ती कसर खुनाच्या आरोपाने भरून काढता येत नाही.

तरीही खटला न भरण्याचे कारण योग्य हवे, आणि ते कागदावर हवे. इंग्लंडने ‘वर्ष आणि एक दिवस’ हा (दुखापतीनंतर एवढा काळ उलटून झालेला मृत्यू खून न मानणारा) जुना नियम १९९६ मध्ये रद्द करताना, दुखापतीला तीन वर्षे उलटून गेली असतील किंवा आधी शिक्षा झाली असेल, तर ॲटर्नी जनरलची संमती बंधनकारक केली. आपल्याकडेही शिक्षेनंतर जखमी दगावल्यास शवविच्छेदन सक्तीचे करावे आणि अभियोग संचालनालयाने ठराविक मुदतीत कारणांसह लेखी निर्णय द्यावा. त्याची प्रत मृताच्या नातेवाइकांना आणि आरोपीलाही मिळावी.

– एक वाचक, ठाणे