अलिबागचे नाव, अलिबागला अनोळखी

मुंबई-रायगडच्या किनाऱ्यापलीकडे समुद्राच्या तळाखाली जे खडक आहेत, त्यांतल्या एका थराचे नाव आहे ‘अलिबाग’. दुसऱ्याचे ‘पनवेल’. आणखी खाली-वर गेलात तर वसई, रत्नागिरी, माहीम, वांद्रे ही नावेही भेटतात. तेलाच्या विहिरी घेताना लागलेल्या थरांना भूवैज्ञानिकांनी किनाऱ्यावरच्या गावांची नावे दिली आणि शास्त्राच्या व्यवहारात ती रूढ झाली. ज्या गावांची ही नावे, तिथल्या मुलांना मात्र त्या खडकाचा तुकडा सहजी हातात घेता येत नाही. तो घेता आला पाहिजे. आणि निवड करायचीच तर न्युम्युलाइट हे जीवाश्म असलेल्या तुकड्यापासून सुरुवात व्हावी.

रायगडच्या जमिनीवर न्युम्युलाइट शोधण्यात अर्थ नाही. मुरूड असो, श्रीवर्धन असो की खुद्द रायगडचा कडा, सगळा काळा कातळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पुढे पश्चिमेची कड खचली आणि त्या लाव्हावर उथळ, उबदार समुद्र पसरला. उत्तरेकडे दमणच्या बाजूला नद्यांचा गाळ येत राहिला. दक्षिणेकडे पाणी नितळ राहिले, आणि तिथे चुनखडक साचत गेला. इओसीन आणि ऑलिगोसीन काळातला हा चुनखडक बऱ्याच ठिकाणी फोरॅमिनीफेरा या एकपेशीय सागरी जीवांच्या कवचांचाच बनलेला आहे.

न्युम्युलाइट हा त्यांतलाच, एका पेशीचा जीव. पण त्याचे कवच काही जातींत दहा सेंटिमीटरहूनही रुंद होई. बाहेरून पाहिले तर दोन्ही अंगांना फुगीर अशी साधी चकती. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या दगडात हीच कवचे आहेत. बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या जेवणातली मसूर दगड होऊन उरली, असे तिथले लोक सांगत, हे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले. खरी रचना दिसायची तर चकती मधोमध फुटायला हवी. त्याची जुनी युक्ती अशी: सुटी चकती ज्योतीवर तापवायची आणि थंड पाण्यात टाकायची. नीट साधले तर ती कडेकडेने दुभंगते, आणि आतले वेढे उघडे पडतात. मधल्या पहिल्या कप्प्यापासून सुरू होऊन एकाच पातळीत घट्ट गुंडाळत गेलेले वेढे, प्रत्येक वेढ्यात पडद्यांनी पाडलेले कप्पे, आणि कडेने वेढ्याबरोबर फिरणारी जाड दोरी. तिला मार्जिनल कॉर्ड म्हणतात. ही दोरी भरीव नाही, तिच्यात सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते. प्रजाती ओळखताना या दोरीवर मोठी भिस्त असते. नवा वेढा जुन्या वेढ्याला दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत झाकतो की नुसता कडेला येऊन बसतो, हेही पाहतात. पहिला प्रकार न्युम्युलाइटचा, दुसरा त्याच्या भावंडाचा, ॲसिलिनाचा.

खरी गुंतागुंत पुढे आहे. एकाच जातीत दोन पिढ्यांची दोन कवचे असतात. एकात मधला पहिला कप्पा मोठा, साध्या भिंगातूनही दिसणारा, पण एकूण चकती लहान. दुसऱ्यात तो कप्पा इतका बारीक की नेमका मधोमध छेद गेला नाही तर सापडतच नाही, आणि चकती मात्र मोठी, वेढ्यांवर वेढे चढवलेली. एकोणिसाव्या शतकात अशा जोड्यांना सर्रास दोन वेगळ्या जातींची नावे मिळाली. ‘न्युम्युलाइट्स फिक्टेली’ आणि ‘न्युम्युलाइट्स इंटरमीडियस’ ही त्यांतली प्रसिद्ध जोडी. सिंध आणि कच्छच्या ऑलिगोसीन खडकांतली ही दोन्ही नावे एकाच जीवाची निघाली. आपल्या किनाऱ्यापलीकडच्या विहिरींतही ऑलिगोसीनच्या सुरुवातीचा थर ओळखण्यासाठी फिक्टेलीचाच आधार घेतात.

या अभ्यासात मुंबईचा वाटा जुना आहे. हेन्री जॉन कार्टर हा कंपनी सरकारचा मुंबईतला डॉक्टर. त्याने १८५२ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या ऑपरक्युलिना या न्युम्युलाइटच्या नातलगाच्या कवचाची रचना मांडली, आणि दुसऱ्याच वर्षी सिंधमधल्या मोठ्या जीवाश्म फोरॅमिनीफेरांचे वर्णन छापले. ऑपरक्युलिना आजही उबदार समुद्रांत जगते. तिच्या पेशीत सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांना सूर्यप्रकाश लागतो. त्यावरूनच न्युम्युलाइटचा समुद्रही प्रकाश तळापर्यंत पोहोचेल इतका उथळ होता, असे अनुमान निघते.

मुंबई हायचे तेल १९७४ साली सापडले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा मुख्य तेलसाठा मायोसीन चुनखडकात आहे. तोवर या भागातून न्युम्युलाइट संपलेले होते. किनाऱ्याच्या अधिक जवळ असलेल्या हीरा आणि पन्ना क्षेत्रांत मात्र वसई थराच्या इओसीन चुनखडकातून तेल निघते, आणि हीराचे तेल समुद्रतळावरच्या वाहिनीने उरणला येते. इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. हे तेल न्युम्युलाइटपासून झालेले नाही. ते त्याहून जुन्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या शेल खडकांत तयार झाले आणि वर सरकले. कवचांच्या चुनखडकाने त्याला जागा दिली. विरघळून पडलेल्या पोकळ्या आणि कवचांमधल्या फटी हाच तो साठा. तेव्हा उरणचा प्रकल्प पाहायला गेलेल्या मुलाला टाक्या आणि ज्वाळा दाखवून भागत नाही, तेल ज्या दगडात होते तो दगडही त्याला दाखवला पाहिजे.

मागणी अवघड नाही. विहिरीतून गोल दांड्यासारखे काढलेले खडकाचे नमुने तेल कंपन्या जपून ठेवतात, आणि विज्ञानाला हा जिल्हा नवा नाही: अलिबागची चुंबकीय वेधशाळा शंभरहून अधिक वर्षे काम करते आहे, पनवेलला ओएनजीसीच्या संशोधन संस्था आहेत. अभ्यास पुरा झालेल्या नमुन्यांचे उभे काप घासून-पुसून अलिबाग आणि उरणच्या ग्रंथालयांत ठेवावेत. शेजारी चांगले भिंग बांधलेले असावे. पाटी मराठीत असावी, तिच्यावर क्षेत्राचे नाव आणि समुद्रतळाखालची खोली स्पष्ट असावी, आणि फिक्टेलीची लहान व मोठी अशी दोन्ही कवचे एकाच नावाखाली शेजारी-शेजारी लावलेली असावीत.