जवानांपासून दडविलेला धोका

२९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकुशिमा बेटानजीक अमेरिकी हवाई दलाचे ऑस्प्रे विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील आठही जण प्राणास मुकले. डाव्या बाजूच्या गिअरबॉक्समधील एक दातेरी चाक तडकले होते. यंत्र म्हटले की ते कधी तरी मोडावयाचेच, त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु चौकशी मंडळाने पुढे जे सांगितले, ते वाचून कोणाही विचारी माणसाची मान खाली जावी. या गिअरबॉक्सच्या धोक्यासंबंधीची माहिती प्रकल्प चालविणाऱ्या कचेरीने विमान उडविणाऱ्यांना पुरेशी कळविलीच नव्हती! धोक्याचे इशारे मिळत असताही वैमानिकांनी उड्डाण चालू ठेवले, हा दोषही मंडळाने दाखविला आहे व तो आम्ही झाकू इच्छीत नाही. पण ज्यांना धोक्याची पुरती कल्पनाच दिली नाही, त्यांनी तो ओळखला नाही म्हणून त्यांच्याच माथी खापर फोडणे, हा कुठला न्याय?

ऑस्प्रे निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी अमेरिकेने आठ हेलिकॉप्टरे धाडली. वाळवंटातील तळापर्यंत सहाच पोचली, त्यांतलेही एक नादुरुस्त निघाले. मोहीम सोडून परतताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळून आठ सैनिक दगावले. पाती उभी करून हेलिकॉप्टरासारखे उतरावे आणि तीच पुढे वळवून विमानासारखे दूर धावावे, अशा यानाची निकड त्या नामुष्कीने पटविली. त्यातून जन्मलेले ऑस्प्रे चोवीस सैनिकांना घेऊन ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. मार्च २०११ मध्ये लिबियात विमान कोसळून अडकलेल्या एका अमेरिकी वैमानिकाला ऑस्प्रेनेच उचलून आणले. युद्धात वेळेवर पोचण्याचे मोल काय, हे त्या वैमानिकाला विचारावे.

मात्र या यानाबरोबर एक वाईट खोडही वाढत आली आहे. ८ एप्रिल २००० रोजी अ‍ॅरिझोनातील मराना येथे सरावाच्या वेळी झपाट्याने खाली येणाऱ्या ऑस्प्रेच्या पात्याभोवती हवेचा भोवरा बनला, एका बाजूचा आधार सुटला आणि यान उलटून आदळले. मरीन दलाचे एकोणीस जण ठार झाले. त्यांतले पंधरा तर केवळ प्रवासी होते. या भोवऱ्याचे ऑस्प्रेवरील परिणाम तेव्हा पुरते अभ्यासलेलेही नव्हते, तरी ठपका आला तो मृत वैमानिकांवर. तो धुऊन काढण्यासाठी त्यांच्या पत्नींना झगडावे लागले आणि संरक्षण खात्याच्या उपमंत्र्यांनी वैमानिकांना दोषमुक्त मानले ते २०१६ मध्ये! सोळा वर्षे त्या घरांनी काय सोसले असेल? त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे २००० सालीच, आणखी चार मरीन मेले. आणि पुढच्याच महिन्यात, एका तुकडीच्या प्रमुखाने देखभालीच्या नोंदी खोट्या लिहिण्यास आपल्या माणसांना सांगितल्याचे उघडकीस आले. प्रकल्प वाचावा म्हणून कागद रंगवावयाचे आणि त्या कागदांवर विसंबून पोरांनी आकाशात चढावयाचे!

शत्रूच्या गोळीचा धोका सैनिक जाणूनबुजून पत्करतो. तडकणाऱ्या चाकाचा धोका त्याला कोणी विचारून दिला होता?

हा प्रश्न आजच विचारला पाहिजे, कारण अमेरिकेच्या भूदलानेही डिसेंबर २०२२ मध्ये बेल कंपनीचे नवे टिल्टरोटर यान निवडले आहे. त्यात इंजिने स्थिर राहून पातीच तेवढी वळतात. ही रचना अधिक सुटसुटीत आहे, हे आम्ही मान्य करतो. पण रचना बदलली म्हणून कचेरीची वृत्ती बदलत नाही. ज्या कचेरीला यान यशस्वी झालेले दाखवावयाचे आहे, तिच्याच कपाटात त्याच्या दोषांचे कागद राहता कामा नयेत. नव्या यानातून पहिली तुकडी रवाना होण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक ज्ञात दोषाची नोंद वैमानिकाच्या आणि दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकच्या हाती पडली पाहिजे, आणि ती अडवून धरणाऱ्या अधिकाऱ्याला, तो कितीही बडा असो, नोकरीतून घरी पाठविण्याची तरतूद अमेरिकी काँग्रेसने करावी.