कोयत्याची वही आणि जिनिव्हाची वही

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांच्या गावोगावी ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. पत्र्याच्या पेटीत भांडी, पोत्यात बाजरी, एका कोपऱ्यात बांधलेली शेळी आणि तिला टेकून बसलेली दोन लेकरे, असा सारा संसार घराची किल्ली म्हाताऱ्या माणसांच्या हवाली करून पाच-सहा महिन्यांसाठी कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाही तर कर्नाटकातील एखाद्या साखर कारखान्याच्या वाटेला ऊसतोडीसाठी लागतो. निघण्यापूर्वी मुकादमाच्या वहीत उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मांडलेली असते. त्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, आणि कोयत्यापुढे नाव लिहिले जाते ते बहुधा नवऱ्याचे.

या वहीची आठवण झाली ती दूर जिनिव्हात उघडल्या गेलेल्या दुसऱ्या एका वहीमुळे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी २०१९ साली तेथील जागतिक व्यापार संघटनेपुढे भारताविरुद्ध फिर्याद गुदरली, की हा देश आपल्या उसाला आणि साखरेच्या निर्यातीला नियमाबाहेर मदत करतो आणि त्यामुळे जगाच्या बाजारात साखरेचे भाव पडतात. १४ डिसेंबर २०२१ रोजी तेथील पंचमंडळाने निवाडा दिला तो भारताच्या विरुद्ध. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवून दिलेला किमान भाव, सरकार देत नाही, कारखाना देतो, सबब ती सरकारी मदत म्हणून मोजता येत नाही, हे आपल्या बाजूचे म्हणणे पंचांनी अमान्य केले. भाव सरकारने ठरवून दिला एवढे त्यांना पुरेसे वाटले, पैसे कोणाच्या तिजोरीतून गेले हा मुद्दा त्यांनी गौण मानला.

ज्या मापाने ही मदत मोजली जाते ते माप मात्र वाचकांनी नीट पाहावे. विकसनशील देशाने कोणत्याही एका पिकाला त्याच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांहून अधिक आधार देऊ नये, असा नियम. आणि तो आधार काढावयाचा तो आजच्या सरकारी भावातून १९८६ ते १९८८ या वर्षांचा कायम करून टाकलेला संदर्भ-भाव वजा करून. त्यानंतर डिझेल, खत, बियाणे, मजुरी यांचे भाव कोठल्या कोठे गेले. तथापि संदर्भ-भाव जागचा हलला नाही, आणि म्हणून महागाईची नुसती भरपाई केली तरी ती कागदोपत्री ‘मदत’ ठरते. २०१३ साली बाली येथील परिषदेत अन्नधान्याच्या सरकारी साठ्यांपुरते या मापातून तात्पुरते संरक्षण मिळाले, पण ऊस त्या छत्राखाली येत नाही.

आमचा बीड जिल्हा निजामाच्या अमलाखाली असताना सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि मालावर जकात भरल्याखेरीज गाडी पुढे सरकत नसे. तो अंमल जाचक होता खरा, पण जकात घेणारा अंमलदार डोळ्यांसमोर उभा असे. आजचा नाका म्हणजे हे जिनिव्हातील माप; ते दिसत नाही, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची वाटही बंद आहे. भारताने डिसेंबर २०२१ मध्येच अपील दाखल केले. परंतु अमेरिकेने न्यायाधीशांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील ऐकणारे मंडळच ठप्प आहे, त्यामुळे निवाडा ना कायम झाला ना रद्द.

एवढे सांगितल्यावर आपल्या सरकारांची बाजू घेऊन थांबणे सोपे होते. ते मला करवत नाही. २०१९-२० च्या हंगामात ६० लाख टन साखर परदेशी जावी म्हणून केंद्र सरकारने टनामागे १०,४४८ रुपये अनुदान जाहीर केले, आणि ही रक्कम कारखान्यांच्या वतीने उसाच्या थकबाकीपोटी शेतकऱ्यांच्या खात्यावर जमा व्हावी, असे ठरले. कारखान्याचा विचार झाला, बागायतदाराचाही झाला, आणि दोन्ही रास्तच. आता दुसरा हिशेब पाहा: एक टन साखर निघण्यास नऊ-दहा टन ऊस लागतो, आणि त्या वेळी तोडणीचा दर टनाला अडीचशे रुपयांच्या आसपास होता, म्हणजे परदेशी जाणाऱ्या त्या एक टन साखरेमागे ऊस तोडून, पाचट सोलून, मोळ्या बांधून, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढविणाऱ्या कोयत्याच्या वाट्याला जे आले, त्याच्या चौपट रक्कम केवळ निर्यातीच्या अनुदानाची होती, आणि तीत त्याचा वाटा म्हणून एक पैसाही धरलेला नव्हता.

फिर्यादी देशांनी भारतीय साखरेला मिळणाऱ्या मदतीची मोजदाद केली. पण तिला सर्वांत मोठी मदत करते ती ही स्वस्त मजुरी, आणि तिचा रकाना त्यांच्या वहीतही नाही. राज्य शासनाने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. रात्री-अपरात्री गाडी आली की उठून मोळ्या भरावयाच्या, पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, आणि कोपीत न्हाणीघराचा आडोसाही नाही, अशा जिण्याची ही किंमत आहे. तिची नोंद कोणत्या संदर्भ-भावाने करावी?

जागतिक व्यापार संघटनेच्या करारांत कामगारांच्या अटी घालण्यास भारताने १९९६ च्या सिंगापूर परिषदेपासून विरोध केला आहे, आणि तो मला योग्य वाटतो. अशा अटींच्या आडून श्रीमंत देश आमचा माल अडवतील, ही भीती निराधार नाही. पण परक्यांना ‘हे आमचे घरचे आहे’ असे बजावणाऱ्याने घरचे पाहिले पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही मजुरांच्या संघटनांनी रेटा लावल्यावर. जिनिव्हात भारताने संदर्भ-भाव बदलण्याची मागणी लावून धरावीच. येथे मात्र एक गोष्ट दिल्लीच्या हातात आजच आहे. साखरेच्या निर्यातीवर २०२२ पासून परवान्याचे बंधन आहे, आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची मुभा देताना सरकारने तिचा कोटा कारखान्यांना वाटून दिला. असा कोटा वाटताना एवढीच अट घालावी की कोयत्यातील दोघांची नावे कारखान्याच्या दप्तरात स्वतंत्रपणे नोंदली जातील आणि बाईच्या मजुरीचा भाग तिच्या खात्यावर जमा होईल. पुढील हंगामाच्या उचली पावसाळ्यातच वाटल्या जातात; अटीचा हुकूम त्यापूर्वी निघावयास हवा.