वीस अँपिअरचा प्रश्न

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. तरतूद ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. तेव्हापासून क्यूबिटच्या संख्येच्या बातम्या आपण आवडीने वाचतो. ज्या लेसरवर असे कित्येक प्रयोग उभे असतात, त्यांना धारा कोण पुरवते, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुतेकदा उत्तर एकच असते: परदेशातून आणलेली, झाकण न उघडलेली पेटी.

त्या पेटीत काय असते? लेसर डायोडवरील व्होल्टता किंचित वाढली तरी धारा बेसुमार वाढते. म्हणून नियंत्रण व्होल्टतेचे नव्हे, धारेचे करावे लागते. मार्गात एक लहान रोध, त्यावरील व्होल्टता तपासणारा ऑप-अँप आणि त्याच्या आज्ञेत चालणारा मॉस्फेट. आकृती पाठ्यपुस्तकाच्या अर्ध्या पानात मावते, आणि म्हणूनच हे काम क्षुल्लक ठरवले जाते.

आता त्यातून २० अँपिअर सोडा. १० मिलिओहमच्या रोधात ४ वॉट उष्णता निर्माण होते. तो ४० अंशांनी तापला आणि त्याचे मूल्य अंशागणिक दशलक्षात ५० भागांनी बदलत असले, तर धारा ४० मिलिअँपिअरने सरकते. पुरवठा ५ व्होल्टचा आणि डायोडवर २ व्होल्ट असतील, तर मॉस्फेटला ५६ वॉट सोसावे लागतात. केवळ चालू-बंद करण्यासाठी घडवलेला मॉस्फेट अशा अवस्थेत एका बिंदूत तापून जळू शकतो. सुरू करतानाची मायक्रोसेकंदाहूनही अल्प उसळी डायोडचे मुख कायमचे निकामी करू शकते. उष्णतावहन, प्रतिपोषणाचे स्थैर्य, गोंगाट: हे भौतिकशास्त्र नव्हे तर काय?

लिब्रेख्त आणि हॉल यांनी १९९३ मध्ये डायोड लेसरच्या अल्पगोंगाट धारा-नियंत्रकावर शोधनिबंधच लिहिला. त्यांतील जॉन हॉल २००५ च्या नोबेलचे एक मानकरी. आपल्याकडे असेच काम प्रबंधाच्या परिशिष्टात ढकलले जाते.

‘संशोधकाचा वेळ मोलाचा आहे, विकत घ्या,’ असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. प्रत्येकाने प्रत्येक पेटी बनवावी असे मी म्हणत नाही. परंतु आकृती हाती नसलेली पेटी बिघडली की ती समुद्रापार जाते आणि प्रयोग थांबतो. वाचवलेला वेळ तेथे व्याजासह परत द्यावा लागतो. शिवाय, बनवता येणाऱ्यालाच काय विकत घ्यावे हे नेमके कळते. खोडदच्या जीएमआरटीसाठी गोविंद स्वरूप यांच्या चमूने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या दोरखंड आणि जाळीच्या स्वतःच्या रचनेतून उभ्या केल्या. त्या आयात केल्या असत्या तर ती दुर्बीण कदाचित कागदावरच राहिली असती.

म्हणून मागण्या तीन. सार्वजनिक पैशातून घडलेल्या उपकरणांच्या आकृत्या खुल्या कराव्यात. उपकरणनिर्मितीला पीएचडीत पूर्ण प्रकरणाचा मान द्यावा. प्रयोगशाळांतील इलेक्ट्रॉनिक्स तज्ज्ञांना कंत्राटाऐवजी कायमची पदे द्यावीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मंजुरीची वाट पाहू नका. साध्या एलईडीसाठी १ अँपिअरचा चालक यंदाच बनवा. तो का तापतो हे समजून घ्या. वीस अँपिअरचा रस्ता तेथूनच जातो.