सीएनजी हवाच, पण आपल्या उसाचा

सीएनजीच्या मोटारीबद्दल बारामती-इंदापूर भागात दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "डिकीत बॉम्ब घेऊन फिरायचं कशाला?" दुसरा म्हणतो, "धूर नाही, खर्च नाही, डोळे झाकून घ्या." दोन्ही मतं पारखून घ्यायला हवीत. माझं म्हणणं असं की, भरपूर धावणाऱ्या गाडीला सीएनजी आजही योग्य इंधन आहे. पण हा गॅस आपल्याच साखर कारखान्यांतून निघू लागेल, तेव्हाच त्याचा खरा लाभ या दोन तालुक्यांच्या पदरात पडेल.

आधी बॉम्बच्या आक्षेपाकडे वळू. टाकीतला दाब सुमारे २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दोनशेपट असतो, हे खरं. पण ती टाकी त्याच दाबासाठी बनवलेली असते. शिवाय सीएनजीतला मिथेन हवेपेक्षा हलका असतो. मोकळ्यावर गळती झाली तर तो वर निघून जातो. पेट्रोल जमिनीवर पसरतं आणि एलपीजी सखल जागी साचून राहतो. आपोआप पेट घ्यायला मिथेनला ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. खरा धोका आहे तो पैसे वाचवायला बसवलेल्या बिनमान्यतेच्या किटचा आणि चुकवलेल्या हायड्रो टेस्टचा. दर तीन वर्षांनी टाकीची ही तपासणी बंधनकारक आहे आणि तिची तारीख गाडीवरच्या छोट्या धातूच्या पट्टीवर कोरलेली असते. जुनी गाडी घेताना आपण टायर दाबून पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो. ती पट्टी मात्र वाचत नाही. दोष इंधनाचा नाही, आपल्या हलगर्जीपणाचा आहे.

दुसरा आक्षेप डिकीचा आणि पिकअपचा. तो मी मान्य करतो. टाकी डिकी खाते आणि ताकद थोडी कमी पडते. भिगवण ते इंदापूर सपाट महामार्गावर हे जाणवत नाही. पुण्याहून सासवडमार्गे परतताना भरल्या गाडीने दिवेघाट चढताना जाणवतं. घाटातून रोज ओझं नेणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं. बाकीच्यांनी एवढ्यावरून सीएनजीला नाकारू नये.

तिसरा आक्षेप रांगेचा, आणि तोच सर्वांत वजनदार आहे. ज्या पंपापर्यंत पाइपलाइन पोचलेली नसते, तिथे मदर स्टेशनवर नळकांडी भरून ती गाडीवर लादून आणावी लागतात. त्यातला गॅस संपत आला की दाब उतरतो. मग शेवटच्या गाड्यांच्या टाक्या अर्ध्याच भरतात. तासभर रांगेत उभ्या राहिलेल्या रिक्षावाल्याची तेवढी कमाई बुडते. यावर 'धीर धरा' हे उत्तर पुरेसं नाही.

आता स्तुतिपाठकांकडे वळू. 'खर्च नाही' हे अर्धसत्य आहे. पेट्रोल लिटरला १०० रुपये आणि सीएनजी किलोला ९० रुपये धरू. गाडी पेट्रोलवर १८ आणि गॅसवर २५ किलोमीटर धावते असं मानू. किलोमीटरमागे जवळपास दोन रुपये वाचतात. सीएनजी मॉडेलला ९० हजार रुपये जास्त मोजले असतील, तर ते फिटायला ४५ हजार किलोमीटर लागतात. रोज दौंडला जाऊन येणाऱ्याचे ते दोन-अडीच वर्षांत फिटतील. वर्षाला सहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला साडेसात वर्षं लागतील. त्या कुटुंबाने पेट्रोलचीच गाडी घ्यावी.

दरही आपल्या हातात नाही. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. दहेज आणि दाभोळला जहाजं लागतात. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा मूल्यवर्धित कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी युक्रेनच्या युद्धाने जगातला गॅस महागला आणि ती सवलत काही महिन्यांत विरून गेली.

'धूर नाही' हेही तपासून घ्यावं. काजळी नगण्य असते आणि कार्बन डायऑक्साइडही पेट्रोलपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के कमी निघतो. पण मिथेन न जळता निसटला, तर वीस वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापदायक ठरतो. वाटेतली गळती रोखली नाही, तर हा सारा फायदा वाहून जातो.

रांग, आयात आणि गळती या तिन्ही दोषांचं मूळ गॅस लांबून येतो यात आहे. आणि इथेच आपल्या दोन तालुक्यांची बाजू भक्कम आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा: कारखाने आपल्या उंबऱ्याशी आहेत. गाळपाच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा साका, निघतं. सुमारे २५ टन प्रेसमडपासून एक टन शुद्ध बायोगॅस मिळतो. दहा लाख टन गाळप धरलं, तर ३५ हजार टन प्रेसमड आणि १,४०० टन गॅस होतो. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणारी मोटार ६०० किलो गॅस घेईल. म्हणजे एका कारखान्यावर सव्वादोन हजारांहून अधिक मोटारी वर्षभर चालतील. उघड्यावर कुजताना हवेत जाणारा मिथेन इंजिनात जळेल, हा फायदा वेगळाच.

"प्रेसमड गेलं तर रानाला खत कुठून?" हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. गॅस काढल्यावर उरणाऱ्या गाळात नत्र, स्फुरद आणि पालाश बहुतांशी टिकून राहतात. तो सभासदाच्या शेतात परत गेलाच पाहिजे. ही अट करारात लिहून घ्यावी.

धोरणाची वाटही मोकळी आहे. जैववायूसाठीची केंद्राची 'सतत' योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे, आणि शहरगॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून १ टक्का जैववायू मिसळणं बंधनकारक झालं आहे. २०२८-२९ ला ते प्रमाण ५ टक्के होईल. सीएनजीवर चालणारी तीनचाकी बनवणारा पियाजिओचा कारखाना तर बारामतीच्या एमआयडीसीतच आहे. ऊस आपला, वाहन आपल्या दारचं, मग इंधन परदेशी का?

सभासदांनो, कारखान्याच्या पुढच्या वार्षिक सभेत उसाच्या दराइतक्याच ठामपणे तीन प्रश्न विचारा: आपल्या प्रेसमडचं काय होतं, गॅसचा प्रकल्प कधी, आणि उरलेला गाळ सभासदाला कोणत्या भावाने? उत्तर इतिवृत्तात नोंदवल्याशिवाय खाली बसू नका.