यादीत नसलेले नाव

संघाने एखाद्या खेळाडूला दूर करणे यात मुळात काहीच गैर नाही. संघ ही काही कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी स्थापन झालेली संस्था नव्हे. अजिंक्य रहाणेविषयी लिहिताना हे आधीच मान्य करून टाकलेले बरे, कारण आमच्या ठाणे-डोंबिवलीकडच्या मंडळींना ते जड जाते. माजिवड्याहून डोंबिवली तशी जवळच. रिक्षा परवडत नाही म्हणून एका कडेवर धाकटा मुलगा आणि दुसऱ्या हातात क्रिकेटचे किट घेऊन त्याला सरावाला चालत नेणारी आई, ही त्याने स्वतः सांगितलेली आठवण इथे इतकी घरोघरी झाली आहे की त्याच्याविषयी कोणी कठोर बोलले की ते घरातल्या माणसाविषयी बोलल्यासारखे लागते.

पण आकडे कठोर होतेच. २०२१ या वर्षात त्याची कसोटीतील सरासरी जेमतेम विशीत रेंगाळत होती, आणि ज्या श्रेयस अय्यरने त्याच्याच नेतृत्वाखाली कानपूरला पदार्पण केले, त्याने पहिल्याच डावात शतक ठोकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेसाठी रहाणे आणि पुजारा दोघांनाही वगळण्यात आले. मेलबर्नच्या शतकाची पुण्याई किती दिवस पुरणार? ॲडलेडला ३६ धावांत कोसळलेला संघ, कोहली मायदेशी परतलेला, आणि त्यानंतर रहाणेच्या त्या ११२ धावा. त्या खेळीचा शेवट जडेजासाठी धाव घेताना धावबाद होऊन झाला, आणि तंबूकडे परतण्याआधी त्याने खंतावलेल्या जडेजाची समजूत काढली. पुढे मालिका २-१ अशी जिंकली गेली. सहा कसोटींत कर्णधार, चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही. त्याने शतक केले आणि भारत हरला, असे बारा शतकांत एकदाही झाले नाही. हे सारे खरे असूनही २०२२चा निर्णय मला योग्यच वाटतो.

शिवाय तो रीतसर होता. निवड समितीच्या अध्यक्षांनी उघडपणे सांगितले की दार बंद नाही, रणजी खेळा, धावा करा. अट घातली गेली आणि तिचा अर्थ दोन्ही बाजूंना कळत होता. रहाणेने ती पाळली. मुंबईसाठी द्विशतक काढले, चेन्नईसाठी आयपीएलमध्ये कोणाला अपेक्षित नव्हते अशा वेगाने फलंदाजी केली, आणि अय्यरच्या दुखापतीमुळे रिकाम्या झालेल्या जागी जून २०२३ मध्ये ओव्हलवर जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात उतरून ८९ आणि ४६ धावा केल्या. पहिल्या डावात संघातल्या सर्वाधिक धावा त्याच्याच होत्या.

खरी गोम त्यानंतर आहे. जुलै २०२३ मधल्या वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठी त्याला उपकर्णधार नेमले गेले. तिथे दोन डाव मिळाले, धावा ३ आणि ८. डिसेंबरमधल्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी संघ जाहीर झाला तेव्हा त्यात त्याचे नाव नव्हते, आणि पुढच्याही कोणत्या कसोटी संघात ते दिसले नाही. पाच महिन्यांपूर्वीचा उपकर्णधार दोन डावांवर नाहीसा होतो! एक तर त्याला उपकर्णधार करणे हा अविचार होता, किंवा वगळणे हा. आपण निवड समितीशी बोलण्याचा प्रयत्न केला, पण उत्तर आले नाही, असे त्याने जुलै २०२५ मध्ये सांगितले.

यावर नेहमीचे उत्तर असे की ‘तुझे संपले’ हे कुणी कुणाला कसे सांगावे? न बोलण्यातच दया आहे, दार किलकिले राहते. मला ही दया समितीच्या सोयीची वाटते. दार किलकिले ठेवणाऱ्याला काही पडत नाही. समोर उभा असलेल्याचे मात्र वय वाढत असते. युव्हेंटस या इटालियन फुटबॉल क्लबने आपल्या देल पिएरोच्या बाबतीत भावनेला वाव दिला नव्हता. हा त्याचा शेवटचा हंगाम, असे अध्यक्षांनी ऑक्टोबर २०११ मध्ये भागधारकांच्या सभेतच सांगून टाकले. तेव्हा ते अनेकांना रुक्ष वाटले. पण म्हणूनच मे २०१२ मधला घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना पाहायला आलेल्या प्रत्येकाला आपण काय पाहतो आहोत ते ठाऊक होते. त्याने गोल केला, त्याला बाहेर बोलावले गेले, आणि उभ्या राहिलेल्या प्रेक्षकांना अभिवादन करत त्याने मैदानाला फेरी मारली. क्रिकेटमध्ये राष्ट्रीय संघातून दुसरीकडे बदली होत नाही. फक्त एक यादी येते, आणि जे सांगायचे ते त्या यादीतल्या अनुपस्थितीने सांगितले जाते.

रहाणेने स्वतः काय केले हे याच्या शेजारी ठेवून पाहावे. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने विदर्भाला हरवून ४२वे रणजी विजेतेपद मिळवले. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कर्णधार घडवण्याची हीच वेळ आहे असे जाहीर करून त्याने पद सोडले. खेळाडू म्हणून राहणार हेही त्याच निवेदनात सांगितले. दोन-चार वाक्यांचे काम. ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडविरुद्ध १५९ धावा केल्यावर तो पुन्हा त्याच विषयावर बोलला: वय नव्हे, संवाद.

ते रणजी विजेतेपद वानखेडेवर मिळाले. ८५ कसोटी खेळलेल्या या मुंबईकराला तिथे कसोटी मात्र एकही मिळाली नाही. २०१३ मध्ये अंतिम अकरात नाव नव्हते, २०१६ मध्ये बोटाला दुखापत झाली, २०२१ मध्ये मांडीचा स्नायू दुखावल्याचे सांगण्यात आले.