भाडेकरू आणि लायसेन्सी: एका शब्दाची किंमत

मराठी साहित्यातल्या चाळीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातल्या बिऱ्हाडांचा लोभ आणि हेवेदावे यांची चर्चा वर्गातून आजही होते. परंतु तशा चाळींतली माणसे एकाच खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहू शकली यामागे एक कायदा होता, ही गोष्ट समीक्षेत सहसा येत नाही. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधून टाकले आणि ठरावीक कारणांवाचून भाडेकरूस बाहेर काढण्यास मनाई केली. शेजार मुरायला काळ लागतो. तो काळ या कायद्याने दिला.

आज शहरात नोकरीनिमित्त किंवा शिक्षणासाठी येणारा माणूस व्यवहारात स्वतःला भाडेकरू म्हणवतो. मात्र ज्या कागदावर तो सही करतो त्यावर तो शब्दच नसतो. तेथे तो ‘लायसेन्सी’ असतो, म्हणजे मालकाच्या परवानगीने राहणारा. आम्हांस हा शब्दबदल फार महत्त्वाचा वाटतो. भाडेकरूचा जागेत हक्क निर्माण होतो, परवानगीधारकाचा होत नाही. आणि भाडे नियंत्रणाचे संरक्षण त्या हक्काबरोबर चालते.

या शब्दामागे काय आहे हे पाहण्याचा प्रयत्न न्यायालयांनी आणि विधिमंडळाने पूर्वी केलेला आहे. १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की दस्तऐवजाला नाव काय दिले आहे यापेक्षा त्याचा आशय काय आहे हे पाहावे. पुढे १९७३ साली दुरुस्ती करून, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ज्यांचा करार चालू होता व जागा ताब्यात होती अशा लायसेन्सींना भाडेकरूच मानले गेले. मालक मंडळी भाडे नियंत्रण चुकवण्यासाठी या शब्दाचा आश्रय घेतात, हे तेव्हा उघडपणे मान्य झाले होते.

३१ मार्च २००० रोजी अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मात्र दोन वर्ग पक्के केले. जुन्या भाडेकरूला थकबाकीसाठी काढायचे तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावे लागते. लायसेन्सीची मुदत संपली की कलम २४ प्रमाणे मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. मुदत संपली आहे एवढी खात्री पटली, की आदेश निघतो. मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणानुसार लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा आहे. ‘राहा हो दोन-तीन वर्षे निवांत’ हे मालकाचे तोंडी आश्वासन त्यापुढे टिकत नाही.

मालकांची बाजू खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. गोठवलेल्या भाड्यात इमारतीची डागडुजीही होत नसे, आणि ते गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात म्हटले. पण एका टोकाची चूक सुधारताना आपण थेट दुसऱ्या टोकाला गेलो.

या टोकावरची ठळक खूण म्हणजे अकरा महिन्यांचा करार. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी देशभर सक्तीची असल्याने ती टाळण्यासाठी ही मुदत रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी व नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. म्हणजे अकरा महिन्यांना येथे ते कारणच उरलेले नाही. मुद्रांक शुल्काचा पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या करारास लागू आहे; छत्तीस महिन्यांचा करार सहज करता येतो. तरीही दर अकरा महिन्यांनी ‘रिन्यूअल’ होते, कारण त्यावर दलालाचे एक महिन्याचे भाडे अवलंबून असते. वीस हजार भाडे आणि साठ हजार अनामत धरली तर शहरात अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून साधारण सोळाशे रुपये होतात. दलाली मात्र वीस हजार! त्याने नवी जागा दाखवलेली नसते, नवा माणूस आणलेला नसतो. १९९९च्या अधिनियमात या दलालीचा उल्लेखही नाही. करारात कुणी लिहून दिली असेल तरच ती देणे लागते.

नोटिशीचेही असेच आहे. ‘आठ दिवसांत जागा खाली करा’ अशा जरबेच्या वाक्याने माणूस सामान बांधू लागतो. मालकाची किंवा त्याच्या वकिलाची नोटीस हा आदेश नव्हे. मुदत चालू असेल तर करारातले पूर्वसूचनेचे कलम पाहावे. ते दोन्ही पक्षांना सारखेच आहे का, हेही पाहावे. मुदत संपली असली तरी कुलूप बदलण्याचा अधिकार कलम २४ मालकाला देत नाही. त्याला अर्जच करावा लागतो. मात्र सक्षम प्राधिकाऱ्याचे समन्स आले, की तीस दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ही मुदत चुकली तर बाजू मांडता येत नाही. नोटिशीला घाबरून समन्सकडे दुर्लक्ष करणे हा उलटा क्रम झाला.

इंग्लंडमध्ये २०१९च्या कायद्याने भाडेकरूकडून नूतनीकरणाचे शुल्क घेण्यास बंदी घातली. तशी तरतूद आपल्याकडेही व्हावी, आणि करार पुढे चालवायचा नसल्यास मालकाने निदान दोन महिने आधी लेखी कळवणे बंधनकारक असावे, असे आमचे मत आहे. यात मालकाचा मालकी हक्क कोठेही कमी होत नाही. तोवर तासिका तत्त्वावर गावोगाव शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी आणि खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी कविता जशी शब्दाशब्दाने वाचतो तसा आपला करारही सहीपूर्वी वाचावा, आणि मुदतीच्या रकान्यात अकराऐवजी छत्तीस लिहिण्याचा आग्रह धरावा.